मदत हवी आहे: बँकेने घर लिलावात विकलं, आता काय करता येईल?

नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे. मोठ्या भावाचा फ्लॅट बँकेने सरफेसी कायद्याखाली (कर्ज थकलं की बँक कोर्टात न जाता तारण विकू शकते तो कायदा) लिलावात काढला आणि गेलासुद्धा. हप्ते थकले होते, ते मान्यच आहे, पण कलम १३(२) ची, थकबाकी भरायला ६० दिवस देणारी नोटीस जुन्या पत्त्यावर गेली आणि आम्हाला कळलं ते दारावर चिकटवलेला कागद बघून, तोही अर्धा फाटलेला, तारीख कशीबशी लागली. २०१६ च्या दुरुस्तीनंतर लिलावाची जाहिरात निघाली की पैसे भरून घर सोडवता येत नाही म्हणे, म्हणजे तो रस्ता बंदच. आता उरलं कलम १७ खाली डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरणात) बँकेविरुद्ध अर्ज करणं, पण त्यासाठीचे ४५ दिवस बँकेने ताबा घेतल्यापासून मोजायचे की लिलावापासून? नोटीस नीट मिळाली नाही एवढ्यावर लिलाव रद्द होतो का, कोणाचा झालाय का?

घेणाऱ्याने २५ टक्के भरलेत, बाकीचे १५ दिवसांत भरायचे असतात, तोवर स्टे मिळेल का? आणि कर्ज फिटून वर उरलेले पैसे तरी आपलेच ना, हिशोब लेखी मागायचा का? वहिनी अजून एक पातेलंही बांधायला तयार नाही. अनुभव असेल तर प्लीज सांगा.