अमेरिकन बिस्कीट मऊ, आपलं कुरकुरीत: हा शब्द आला कुठून?

ओट्यावरून (कर्वेनगर):
एका अमेरिकन पाककृतीत ‘बिस्किट्स’चं प्रमाण असं दिलंय: मैदा २५० ग्रॅम, बेकिंग पावडर १ मोठा चमचा, मीठ अर्धा छोटा चमचा, थंडगार बटर ८५ ग्रॅम, ताक १८० मिली. साखर अजिबात नाही आणि पोळी अडीच सेंटिमीटर जाड लाटायची. यातून कुरकुरीत काही निघेल असं वाटत नाही. प्रमाण चुकलंय की तिकडे बिस्कीट म्हणजे वेगळंच काही? मूळ अर्थ काय या शब्दाचा?

धातुपाठ:
प्रमाण बरोबर आहे. अमेरिकेत बिस्कीट म्हणजे पदर सुटणारा, मऊ, छोटा पाव. तो गरम असतानाच बटर लावून किंवा ग्रेव्हीबरोबर खातात. आपण ज्याला बिस्कीट म्हणतो ती तिकडची ‘कुकी’. हा शब्द डच ‘कूक्ये’वरून आला, म्हणजे छोटा केक. स्कॉटलंडात मात्र कुकी म्हणजे साधा बन!

आता बिस्कीट. लॅटिन ‘बिस्’ म्हणजे दोनदा आणि ‘कोक्तुस्’ म्हणजे शिजवलेलं, भाजलेलं. ते जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आलं. मराठी माणसाला यात घरचीच माणसं भेटतात: ‘बिस्’ आणि संस्कृत ‘द्विः’ एकाच मुळाचे, ‘कोक्तुस्’ आणि ‘पक्व’ही एकाच मुळाचे. म्हणजे बिस्कीट हे अक्षरशः ‘द्विपक्व’. आपलं पक्वान्न आणि पिकणं त्याच्याच नात्यातलं. इटालियन ‘बिस्कोत्ती’ आणि जर्मन ‘त्स्वीबाक’ यांचाही अर्थ दोनदा भाजलेलं असाच.

इंग्रजीत १६व्या ते १८व्या शतकापर्यंत हा शब्द सर्रास ‘बिस्केट’ असाच लिहीत. पुढे स्पेलिंग फ्रेंच वळणाचं झालं, पण उच्चार जुनाच राहिला आणि आपल्याकडे तोच आला.

भट्टीजवळ:
या व्याख्येत खरं बसणारं ‘बिस्कीट’ पुण्याच्या कुठल्याही बेकरीत मिळतं, फक्त त्याला आपण टोस्ट म्हणतो. खारी एकदाच भाजतात. टोस्टचा आधी पाव होतो, मग काप करून तो पुन्हा भट्टीत जातो. जुन्या दर्यावर्दी लोकांची गरज हीच होती: पाण्याचा अंश काढला की बुरशी धरत नाही. ब्रिटिश आरमारात खलाशाला रोज १ पौंड, म्हणजे साधारण ४५० ग्रॅम बिस्कीट मिळे. ते नुसतं पीठ, पाणी, मीठ.

घरी करायचं तर पाव पूर्ण गार होऊन ८ ते १२ तास राहू द्या. गरम पाव कापला तर आतला भाग दाबला जातो, सुरीला चिकटतो आणि काप फाटतात. काप १२ ते १५ मिलिमीटरचे. १५० अंशांवर २० मिनिटं, उलटून आणखी १५. मग ओव्हन बंद करून दार किंचित उघडं ठेवा आणि काप आतच गार होऊ द्या. नेहमीची चूक म्हणजे घाई करून २०० अंशांवर भाजणं. बाहेरून छान तांबूस दिसतं, पण मधला ओलावा तसाच राहतो, तो रात्रीतून कडेपर्यंत पसरतो आणि सकाळी टोस्ट चिवट. एक मोडून बघा: तुकडा कटकन तुटला पाहिजे, मध्ये वाकता कामा नये.

ओट्यावरून:
मग पुण्याच्या कॅम्पातली श्रूजबेरी बिस्किटं? ती तर एकदाच भाजतात ना?

धातुपाठ:
हो, एकदाच. नानकटाईही तशीच. बिस्किटाची ओळख दोनदा भाजण्यावरून कुरकुरीतपणावर सरकली आणि नाव तेवढं उरलं. श्रूजबेरी हे नाव इंग्लंडमधल्या श्रूजबरी गावाचं, आणि तिथे जुन्या काळापासून तिला ‘केक’ म्हणतात! केक की बिस्कीट हा वाद इंग्लंडमध्ये १९९१ साली जाफा केक या संत्रं-चॉकलेटच्या छोट्या खाऊवरच्या करासाठी लवादापुढेही गेला. तिथे एक कसोटी फार नेमकी होती: शिळा केक कडक होतो, शिळं बिस्कीट मऊ पडतं. बिस्कीट इतकं कोरडं असतं की ते हवेतला ओलावा ओढतं. पावसाळ्यात उघड्या पुड्याचं काय होतं ते आपल्याला माहीतच आहे. अशी सादळलेली बिस्किटं १५० अंशांवर ५-६ मिनिटं ठेवा. ओव्हनमधून काढताना मऊच लागतील, गार झाल्यावर कुरकुरीत होतात.

मातीकाम:
कुंभारकामात तर अर्थ उलटाच झालाय. ग्लेझ (काचेसारखा चकचकीत लेप) न लावता पहिल्यांदा भाजलेल्या भांड्याला बिस्किट किंवा बिस्क म्हणतात. म्हणजे दोनदा भाजल्याचं नाव एकदाच भाजलेल्याला! सोन्याचं बिस्कीट मात्र नुसत्या आकारावरून.

भट्टीजवळ:
मूळ पाककृतीबद्दल राहिलंच. तिकडचं बटरमिल्क आपल्या ताकाहून बरंच दाट असतं. पातळ ताक १८० मिली घातलंत तर गोळा वाहील. दही घुसळून जेमतेम ओतता येईल इतकंच पाणी घाला आणि आधी १४० मिलीच वापरा. ते आंबट असेल तर बेकिंग पावडर १ छोटा चमचा कमी करून पाव छोटा चमचा सोडा घाला. बटर खारं असेल तर मीठ घालू नका.

बटर मैद्यात वाटाण्याएवढे खडे राहतील इतकंच चोळायचं. ते खडे भट्टीत वितळून त्यांतल्या पाण्याची वाफ होते, तेव्हाच पदर सुटतात. उन्हाळ्यात मैदाही अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. वाटीने कापताना सरळ खाली दाबा, फिरवू नका. फिरवलं की कडा चिकटतात आणि बिस्कीट एका बाजूला कलतं. २२० अंशांवर १२ ते १५ मिनिटं.