अकागीवरचा तो एक बॉम्ब: श्रेय रिचर्ड बेस्टचं किती?

सागरवेडा (धागालेखक)

४ जून १९४२, दुसरं महायुद्ध. पॅसिफिक महासागरातल्या मिडवे बेटाच्या वायव्येला, सकाळचे सव्वादहा उलटून गेलेले. 'एंटरप्राइझ' या अमेरिकी विमानवाहू जहाजावरून निघालेल्या डॉन्टलेस डाइव्ह बॉम्बरच्या (सूर मारत खाली येऊन बॉम्ब टाकणाऱ्या विमानांच्या) दोन स्क्वाड्रन जपानी ताफ्याच्या डोक्यावर पोचल्या. रिवाज असा, की पुढच्या स्क्वाड्रनने लांबचं जहाज धरायचं आणि मागच्या स्क्वाड्रनने जवळचं. हल्ल्याचा नेता वेड मॅकक्लस्की मूळचा फायटर वैमानिक. पुढच्या स्क्वाड्रनबरोबर असूनही त्याने जवळच्याच 'कागा' या विमानवाहू जहाजावर सूर मारला. मागच्या स्क्वाड्रनचा प्रमुख लेफ्टनंट रिचर्ड बेस्टही कागाच्याच तयारीत होता. तीसेक विमानं एकाच जहाजावर कोसळताहेत हे पाहून बेस्टने ते लक्ष्य सोडलं. त्याच्याबरोबर उरले दोघेच, क्रोगर आणि वेबर. हे तिघे वळले 'अकागी'कडे. अकागी ही ॲडमिरल नागुमोची ध्वजनौका, पर्ल हार्बरच्या हल्ल्यातही तीच ध्वजनौका होती.

तीन विमानांतला एक बॉम्ब थेट लागला. हजार पौंडांचा तो बॉम्ब मधल्या लिफ्टजवळ डेक फोडून हँगरात फुटला, आणि हँगरात टॉर्पेडो लावलेली, इंधन भरलेली विमानं उभी होती. दुसऱ्या दिवशी पहाटे जपान्यांनीच आपल्या टॉर्पेडोंनी अकागी बुडवली.

माझं ठाम मत आहे की त्या दिवसातला सर्वांत मोलाचा वैयक्तिक निर्णय हाच. जिवावर उदार तिथे शेकडो जण झाले. पण डाइव्हच्या तोंडावर, कुणाचाही हुकूम नसताना, "इथे गर्दी झाली, दुसरं जहाज सुटतंय" हे ओळखून तीन विमानांनिशी तिकडे जायचं, याला वेगळंच काळीज लागतं.

तर्कट

असहमत. बेस्ट शूर होता, वाद नाही. पण तो तिथे पोचलाच कसा? हवाईतल्या तळघरात जोसेफ रोशफोर्ट आणि त्याच्या माणसांनी जपानी सांकेतिक लिपी फोडली होती. जपानी संदेशांतलं 'एएफ' म्हणजे मिडवेच का, हे पडताळायला मिडवेवरून "गोडं पाणी करायचं यंत्र बिघडलंय" असा खोटा संदेश उघड पाठवला गेला, आणि एएफवर पाण्याची टंचाई असल्याचा जपानी संदेश लगेच हाती लागला. म्हणून अमेरिकेची तीन विमानवाहू जहाजं आधीच दबा धरून बसू शकली. रोशफोर्टला पदक मिळालं १९८५ मध्ये, मृत्यूनंतर नऊ वर्षांनी. कॉकपिटमधला माणूस चटकन डोळ्यांत भरतो, टेबलावरचा भरत नाही.

आणि मॅकक्लस्की? ठरल्या जागी ताफा सापडला नाही, इंधन संपत आलेलं, तरी तो शोधत राहिला. खाली 'आराशी' ही जपानी विनाशिका घाईने एका दिशेला जाताना दिसली, तिचा रोख धरून तो ताफ्यापर्यंत पोचला. हा निर्णय झाला नसता तर बेस्टला लक्ष्य बदलायची वेळच आली नसती.

जुनी_वही

दोघांनीही टॉर्पेडो स्क्वाड्रन गाळल्या, याचं वाईट वाटलं. 'हॉर्नेट'ची टॉर्पेडो स्क्वाड्रन आठ: पंधरा जुनाट डेव्हास्टेटर विमानं, सोबत एकही फायटर नाही. पंधराच्या पंधरा पडली. तीस जणांतला एकटा जॉर्ज गे वाचला. त्यांनी जपानी झीरो फायटर खाली समुद्राजवळ खेचले म्हणून वर बेस्टला आकाश मोकळं मिळालं.

तर्कट

@जुनी_वही, हे सरसकट खरं नाही. स्क्वाड्रन आठ संपली ती साडेनऊच्या सुमारास. पुढच्या पाऊण तासात झीरो पुन्हा वर चढू शकत होते. डाइव्ह बॉम्बर आले त्याच वेळी खाली 'यॉर्कटाउन'ची टॉर्पेडो स्क्वाड्रन तीन हल्ला करत होती, झीरो तिच्यामागे लागले होते.

जुनी_वही

मान्य, त्या क्षणापुरतं. पण सकाळभर एकामागून एक हल्ले चुकवण्यात जपानी जहाजं वेडीवाकडी वळत राहिली, डेकवर सतत झीरोंची ये-जा चालू होती. आपली मोठी हल्ल्याची तुकडी वर आणून उडवायला नागुमोला उसंतच मिळाली नाही. ती उसंत स्क्वाड्रन आठचा प्रमुख वॉल्ड्रन याच्या माणसांनीही खाल्ली. त्यांचा एकही टॉर्पेडो लागला नाही म्हणून हिशेबातून वगळू नका.

मृदुला_कुवेत

अकागीवर २६७ माणसं गेली. सगळ्या लढाईत मिळून जपानचे तीन हजारांहून अधिक. धाडसाचं मोजमाप करताना हा आकडाही समोर हवा, इतकंच म्हणते.

सागरवेडा

@मृदुला, हवाच. पण याच अकागीने, ताफ्यातल्याच सोर्यू आणि हिर्यू या विमानवाहू जहाजांसोबत, दोनच महिने आधी, ५ एप्रिलला, कोलंबोवर विमानं धाडली होती आणि ९ तारखेला त्रिंकोमालीवर. हे संकट आपल्या दाराशी येऊन गेलेलं होतं.

@तर्कट, तुमची साखळी खरी आहे. तरी एक प्रश्न टाळताय. बेस्ट वळलाच नसता तर? कागा आणि सोर्यू गेलीच असती. सोर्यू तर यॉर्कटाउनच्या वैमानिकांनी मारली. पण अकागी आणि हिर्यू शाबूत राहिली असती. एकट्या हिर्यूने त्या दिवशी काय केलं बघा: आधी अठरा डाइव्ह बॉम्बर, मग दहा टॉर्पेडो विमानं, एवढ्यावर यॉर्कटाउन पांगळं झालं. जोडीला अकागीची टॉर्पेडो विमानं असती तर एंटरप्राइझ किंवा हॉर्नेटवरही पाळी आली असती. रोशफोर्टची लिपी, मॅकक्लस्कीचा माग, वॉल्ड्रनचं बलिदान, सगळं तसंच राहून निकाल बदलला असता. म्हणून मी त्या वळण्याला वेगळं काढतो.

आणि बेस्ट तेवढ्यावर थांबला नाही. दुपारी हिर्यूवरच्या हल्ल्यातही तो होता. सदोष ऑक्सिजन उपकरणातून कॉस्टिक सोड्याची वाफ फुप्फुसात गेली होती, त्याने आत दबलेला क्षय उफाळला. त्या दिवसानंतर तो लढाईत पुन्हा उडाला नाही. १९४४ मध्ये नौदलातून निवृत्त.

तर्कट

हा मुद्दा वजनदार आहे, पण अर्धाच मानतो. एका बॉम्बने एवढं मोठं जहाज सहसा संपत नाही. अकागी संपली ती हँगरातल्या अवस्थेमुळे. विमानांवरची शस्त्रं बदलायचा हुकूम नागुमोने दिला, मग फिरवला, त्या घाईत उतरवलेले बॉम्ब कोठारात परत न जाता तिथेच पडून राहिले. आग विझेना ती त्यामुळे. बेस्टला हे ठाऊक असणं शक्य नव्हतं. तासभर आधी किंवा नंतर तोच बॉम्ब कदाचित दुरुस्त होण्याजोगं भगदाड पाडून गेला असता. निर्णयाचं श्रेय बेस्टला देतो, परिणामाचं अर्धं नागुमोच्या खात्यात.

जुनी_वही

आणि वेबर? सकाळी बेस्टच्या बाजूला राहून अकागीवर सूर मारला, दुपारी हिर्यूवरच्या हल्ल्यात झीरोंनी त्याला पाडलं. बेस्ट एकटा वळला असता तर अकागीच्या तोफांना एकच लक्ष्य मिळालं असतं. श्रेयाची वाटणी करताय तर क्रोगर आणि वेबर यांचा वाटा किती, हे सागरवेडा यांनी आधी सांगावं.