कम्युनिटी कॉलेजात गणित: दोन वर्षांत ट्रान्सफर, की तिसरं वर्ष घ्यावं?

फ्रीमाँटची आई

लेक येत्या ऑगस्टपासून इथे कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजात गणित घेऊन शिकणार आहे. दोन वर्षं इथे काढायची आणि मग पदवी पुरी करायला यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) किंवा कॅल स्टेट (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) यांपैकी एखाद्या सरकारी विद्यापीठाला ट्रान्सफर, असा सगळ्यांचा ठरलेला हिशेब. माझं मत वेगळं आहे: गणित घेणाऱ्या मुलांनी पहिल्या दिवसापासून तीन वर्षांचा आराखडा करावा.

आपल्याकडे बी.एस्सी.ला पेपर विद्यापीठ ठरवतं. इथे ६० सेमिस्टर युनिटं (म्हणजे क्रेडिटं) मुलांनी स्वतः जुळवायची. त्यातली ३४ कॅल-जीईटीसी या सामान्य शिक्षणाच्या (जीई) यादीची, म्हणजे इंग्रजी, वक्तृत्व, कला, समाजशास्त्रं, विज्ञान वगैरे. २०२५च्या फॉलपासून यूसी आणि कॅल स्टेट दोघांनाही हीच यादी चालते. हे विषय बहुतेक कुठल्याही क्रमाने घेता येतात. गणिताचं तसं नाही. कॅल्क्युलस १ झाल्याशिवाय २ नाही, २ झाल्याशिवाय ३ नाही, आणि डिफरन्शियल इक्वेशन्स व लिनिअर अल्जिब्रालाही बहुतेक ठिकाणी निदान कॅल्क्युलस २ आधी लागतं. एक विषय राहिला की पुढचं सगळं एक सेमिस्टर मागे जातं.

शिवाय इथला एक नियम फार कमी पालकांना ठाऊक असतो. सी ग्रेड मिळाला की तो कोर्स पास धरला जातो आणि सहसा पुन्हा घेऊ देत नाहीत. डी किंवा एफ असेल तरच पुन्हा संधी, तीही मोजकी, आणि अर्ध्यात सोडून डब्ल्यू घेतला तर तोही एक प्रयत्न धरतात. पाच विषयांच्या ओझ्याखाली कॅल्क्युलस २ला सी आला तर तो कायमचा. युनिटला ४६ डॉलर फी असलेल्या ठिकाणी एक वर्ष जास्त गेलं, तर एवढं काय बिघडतं?

सॅन होजेकर बाबा

ताई, बिघडतं. फी ४६ डॉलर आहे, पण बे एरियातलं घरभाडं आणि मुलाचं एक वर्ष यांचा हिशेब कुठे धरलात? आणि 'तीन वर्षं आहेत' म्हटलं की पोरं पहिल्या सेमिस्टरला नऊ युनिटं घेतात आणि तीन वर्षांची चार होतात. माझ्या मित्रमंडळींत हे बघितलंय.

माझा मुलगा याच वाटेने गेला आणि दोन वर्षांत बाहेर पडला. पहिल्या फॉलला कॅल्क्युलस १, स्प्रिंगला २, दुसऱ्या फॉलला ३ आणि सोबत लिनिअर अल्जिब्रा, शेवटच्या स्प्रिंगला डिफरन्शियल इक्वेशन्स. गणित फक्त नियमित सेमिस्टरमध्ये. इतिहास, वक्तृत्व असले विषय उन्हाळ्यात. सहा आठवड्यांत कॅल्क्युलस उरकायला जाऊ नये, इतिहास उरकता येतो. फिजिक्स कॅल्क्युलसवालंच घेतलं, त्यात कॅल-जीईटीसीचं भौतिक विज्ञान आणि लॅब दोन्ही भागलं. कॅल्क्युलसने गणिताचा रकाना भरला. असे दुहेरी उपयोगाचे विषय शोधले की ६० युनिटं दोन वर्षांत आरामात बसतात. मुलांवर थोडा विश्वास टाका.

एफ-१वर आलेला

तुमच्या दोघांच्याही चर्चेत आमच्यासारखे कुठेच नाहीत. मी नाशिकहून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आलो. त्यामुळे दर सेमिस्टरला किमान १२ युनिटं घ्यावीच लागतात आणि त्यात ऑनलाइनचा एकच कोर्स मोजतात. फी रहिवाशांच्या कितीतरी पट. 'एकेक विषय निवांत घ्या' हा सल्ला आम्हाला परवडत नाही. तिसरं वर्ष ही रहिवाशांची चैन आहे, हे तरी मान्य करा.

फ्रीमाँटची आई

चैन म्हणू नकोस रे. तुझी अडचण खरी आहे आणि तुझ्यासाठी दोन वर्षांचीच आखणी योग्य, हे मान्य. पण ज्यांना सवड आहे त्यांनी ती का वापरू नये? सॅन होजेकर, तुमचा मुलगा पहिल्याच सेमिस्टरला कॅल्क्युलस १ला बसला आणि कुठे अडखळला नाही. वर्गातल्या किती मुलांचं तसं होतं? आराखडा न अडखळणाऱ्या मुलासाठी करायचा, की अडखळलं तरी सावरता यावं म्हणून? आणि लहान कॉलेजांत डिफरन्शियल इक्वेशन्सचा वर्ग वर्षातून एकदाच लागतो. तो हुकला की तुमचं दोन वर्षांचं गणित तसंही तीन वर्षांचं होतं, आणि ऐन वेळी होतं.

कॉलेजात गणित शिकवते

दोन की तीन, या वादात तुम्ही चुकीच्या ठिकाणी जोर लावताय असं मला वाटतं. आधी मूल कुठे जाणार ते ठरवा, मग वर्षं मोजा.

२०१०च्या एसबी १४४० कायद्यामुळे एएस-टी ही ट्रान्सफरसाठीची कम्युनिटी कॉलेजची पदवी निघाली. ती घेतली की कॅल स्टेटमध्ये जागा मिळण्याची हमी असते, मात्र हव्या त्याच कॅम्पसला मिळेल असं नाही. पण जायचं यूसीला असेल, तर त्या पदवीच्या यादीवर विसंबून चालत नाही. असिस्ट नावाची सरकारी वेबसाइट उघडा. आपलं कॉलेज, पुढचं विद्यापीठ आणि गणित हा विषय निवडा. डावीकडे त्यांचा कोर्स दिसतो, उजवीकडे आपल्या कॉलेजातला त्याच्या बरोबरीचा. काही ओळींसमोर उजवीकडे 'नो कोर्स आर्टिक्युलेटेड', म्हणजे आपल्याकडे त्याच्या बरोबरीचा कोर्स नाही, असं लिहिलेलं असतं. डिस्क्रीट मॅथसमोर ते दिसलं, तर तो विषय शेजारच्या कॉलेजात घ्यायचा की ट्रान्सफरनंतर, हे पहिल्याच वर्षी ठरवावं लागतं. कुठे प्रोग्रॅमिंग मागतात, कुठे फिजिक्स. तीन कॅम्पस निवडा, तिन्ही याद्या शेजारी ठेवा, मगच काउन्सेलरकडे जा.

आणि लिनिअर अल्जिब्रा कॅल्क्युलस ३ सोबत कोंबू नका. माझा सगळ्यात मोठा आक्षेप सॅन होजेकरांच्या वेळापत्रकातल्या त्या सेमिस्टरलाच आहे. कॅल्क्युलसमध्ये मूल पद्धत शिकतं आणि आकडेमोड करतं. लिनिअर अल्जिब्रात पहिल्यांदा कोणी विचारतं, 'सिद्ध कर'. साधा प्रश्न घ्या: लिनिअरली इंडिपेन्डन्ट सदिशांच्या (म्हणजे ज्यांना गुणक लावून केलेली बेरीज, अर्थात कॉम्बिनेशन, सगळे गुणक शून्य असतानाच शून्य येते अशा) संचाचा उपसंचही इंडिपेन्डन्टच असतो, का? उत्तर दोन ओळींचं आहे. उपसंच तसा नसेल, तर त्यातल्या सदिशांचं, सगळे गुणक शून्य नसलेलं, एखादं कॉम्बिनेशन शून्य येईल. उरलेल्या सदिशांना गुणक शून्य द्या, म्हणजे मूळ संचाचंही तसंच कॉम्बिनेशन शून्य आलं, आणि तो तर इंडिपेन्डन्ट होता. इन्टिग्रेशन बाय पार्ट्स डोळे मिटून करणारी मुलं इथे कोरा कागद देतात. त्या दोन ओळी सुचायला महिना जातो, आणि तो महिना मुलाला मिळायला हवा. पुढे अ‍ॅनालिसिस आणि अ‍ॅब्स्ट्रॅक्ट अल्जिब्रात सिद्धताच असतात. तिथे दोनशेजणांच्या हॉलमध्ये ही सवय लागत नाही. आमच्याकडे वर्गात पस्तीस-चाळीस मुलं असतात, मूल माझ्या ऑफिसात येऊन तासभर फळ्यापुढे उभं राहू शकतं.

सॅन होजेकर बाबा

मॅडम, आदर राखून सांगतो, हे पटलं नाही. सिद्धता शिकवायला बहुतेक विद्यापीठांत ट्रान्सफरनंतर वेगळा कोर्स असतोच. कम्युनिटी कॉलेजचं काम पाया घालून मूल वेळेत पुढे पाठवणं. लिनिअर अल्जिब्राला बहुतेक ठिकाणी कॅल्क्युलस २ पुरतं, मग ३ सोबत घेतलं तर बिघडलं काय? ते शेवटच्या स्प्रिंगला ढकललं तर अर्ज वाचणाऱ्याला त्याचा ग्रेडच दिसत नाही.

कुपर्टिनोची मावशी

मला वेगळंच विचारायचंय. भाच्याचं प्रीकॅल्क्युलस कच्चं आहे, तरी एबी १७०५ कायद्यामुळे कॉलेज त्याला थेट कॅल्क्युलस १ला बसवतंय, सोबत एक मदतीचा वर्ग देऊन. हे बरोबर आहे का? आधी एक सेमिस्टर पाया पक्का नको?

कॉलेजात गणित शिकवते

मावशी, यावर आम्हा शिक्षकांतच जोरदार मतभेद आहेत. कायद्यामागचं म्हणणं खोटं नाही: खालच्या वर्गांच्या रांगेत पुष्कळ मुलं गळायची, कॅल्क्युलसपर्यंत पोचायचीच नाहीत. तरी माझं मत सांगते. ज्याला साइन-कोसाइनची सूत्रं आणि लॉगचे नियम हाताशी नाहीत, त्याचा मदतीचा वर्ग त्यातच संपतो. भाच्याला पूर्ण उन्हाळा त्रिकोणमितीवर बसवा. आणि त्याच्यासाठी तीन वर्षांचंच धरा.

सॅन होजेकर, शेवटच्या स्प्रिंगच्या ग्रेडबद्दलचा तुमचा मुद्दा बिनतोड आहे. म्हणूनच मी तिसऱ्या वर्षाच्या बाजूला झुकते: लिनिअर अल्जिब्राला वेगळं सेमिस्टर मिळतं आणि ग्रेड अर्जावरही येतो.

फ्रीमाँटची आई

मग ठरवायचं कधी, हाच खरा प्रश्न उरतो. टॅगचा, म्हणजे अटी पुऱ्या केल्या तर यूसीत जागेची हमी देणाऱ्या योजनेचा, अर्ज सप्टेंबरमध्ये जातो, सहा यूसी कॅम्पसना चालतो पण भरता येतो एकालाच. बर्कली, यूसीएलए, सॅन डिएगो त्यात नाहीत. म्हणजे दुसरं वर्ष सुरू होताच निर्णय हवा. आम्ही पहिल्या वर्षी दर सेमिस्टरला १३-१४ युनिटंच घेणार, फॉलला कॅल्क्युलस १, इंग्रजी, वक्तृत्व आणि एक कलेचा विषय. कॅल्क्युलस २ला बी किंवा वर आला, तरच दोन वर्षांचा विचार.

सॅन होजेकर बाबा

बीची अट ठेवलीत तर माझं भांडण निम्मं मिटलं. पण पहिला उन्हाळा रिकामा सोडू नका. दोन जीई विषय तेव्हाच उरका, नाहीतर लेकीला बी मिळूनही दोन वर्षांत निघता येणार नाही.