पीठ नासतं, विटतं, की नुसतं खराब होतं?

उंबरठा
(मे 2021, करोनाची दुसरी लाट.) करोनामुळे गृहविलगीकरणात असलेल्या घरांना आमचा गट कोरडा शिधा पोचवतो. टाळेबंदीमुळे किराणा सध्या सकाळी 7 ते 11 एवढाच मिळतो, म्हणून एकदम तीन आठवड्यांचं देतो: तांदूळ, ज्वारीचं पीठ, तूरडाळ, शेंगदाणे, पोहे, रवा, कांदे-बटाटे. सोबत एक पानी सूचनापत्रक असतं. मूळ इंग्रजी मजकुरात सगळ्या जिनसांना मिळून एकच वाक्य आहे, 'स्पॉइल्ड' झालं असेल तर टाकून द्या. मी लिहिलं, 'नासले असल्यास टाकून द्यावे.' तपासणाऱ्या बाईंनी 'नासले'खाली रेघ मारली: दूध नासतं, पीठ नासत नाही. सगळ्यांना चालेल असं एकच मराठी क्रियापद आहे का? पत्रक उद्या संध्याकाळी छपाईला जाणार आहे.

रोवळी
बाईंचं बरोबर आहे. नासतं ते दूध. आंबटपणा वाढला की दुधातली प्रथिनं गोळा होतात आणि पाणी वेगळं पडतं. थंड असताना चांगलं दिसणारं दूध तापवल्यावर नासतं, कारण उष्णतेने तेच थोड्या आंबटपणावरही घडतं. शंका असेल तर आधी पळीभर दूध तापवून पाहावं, सगळं पातेलं पणाला लावू नये. पातेल्याच्या काठाला कालची साय चिकटलेली असेल तर ताजी पिशवीही नासते.

अडकित्ता
नासका आंबा आढी नासवतो, ही म्हण मग कुठे ठेवायची? नारळ नासतो, अंडं नासतं. दुधाची मक्तेदारी नाही. 'नश्' धातूवरून आलेला शब्द आहे, त्याचा मूळ अर्थच व्यापक.

रोवळी
मान्य. पण आंबा, नारळ, अंडं, दूध ही सगळी ओली आहेत. कोरड्या जिनसाला 'नासलं' म्हटलेलं मी कुठे ऐकलेलं नाही. 'रवा नासला' म्हणून बघा, कानाला खटकतं.

मोरपंखी
नागपूर-अमरावतीकडे 'दूध फाटलं' सर्रास ऐकू येतं. तेही लिहा.

अडकित्ता
ते हिंदीतलं 'फट गया' आहे. कापड फाटतं. छापील पत्रकात तरी ते नको.

मोरपंखी
शेजारच्या भाषेची छाया असली तरी तिथल्या माणसाची ती मराठीच आहे. पत्रक त्याच्याही दारात जाणार आहे.

कणगी
सरळ 'खराब' लिहून मोकळे व्हा. चौथीतल्या मुलालाही कळतं.

अडकित्ता
'खराब' अरबीतून आलेला. 'बिघडणे' आपल्या घरात असताना तो कशाला?

कणगी
'जिन्नस'ही अरबीतूनच आलाय. तो पहिल्याच परिच्छेदात बसलाय आणि कुणाला टोचला नाही.

पाटावरवंटा
'खराब' आणि 'बिघडलं' या दोन्हींची अडचण वेगळीच आहे. त्यांतून कळतं की काहीतरी झालंय, पण पुढे काय करायचं ते कळत नाही. मराठीत प्रत्येक जिनसाचं क्रियापद वेगळं आहे आणि त्यातच उपाय सांगितलेला असतो.

पोहे, पापड, बिस्किटं सादळतात. हवेतला दमटपणा शोषून मऊ पडतात, एवढंच. कढईत मंद आचेवर तीन-चार मिनिटं परतले की पोहे पुन्हा कुरकुरीत होतात. गार झाल्यावरच डब्यात भरावेत, नाहीतर वाफ आत धरते. सादळलेलं टाकून देणं म्हणजे चांगलं अन्न फेकणं.

शेंगदाणे, सुकं खोबरं, तीळ खवट होतात. त्यांतल्या तेलावर हवेचा आणि उजेडाचा परिणाम होतो. दाण्याचं कूट अख्ख्या दाण्याच्या कितीतरी आधी खवट होतं, कारण कुटल्यावर तेल सगळीकडून उघडं पडतं. म्हणून आठवड्यापुरतंच करावं. खवटपणा भाजून जात नाही. आणि दाण्याला बुरशी असेल तर भाजूनही ते खाऊ नयेत, कारण त्या बुरशीचं विष स्वयंपाकाच्या उष्णतेने नष्ट होत नाही. तिथे 'टाकून द्यावे' ठळक अक्षरात हवं.

भात, आमटी, भाजी विटते. आमटीला तार येते, डाव उचलला की चिकट धागा निघतो. विटलेलं उकळून चालवून घेऊ नये. भात बाहेर राहिला तर त्यात वाढणाऱ्या जंतूंचं एक विष उकळल्यानेही जात नाही. शिजवल्यापासून दोन तासांच्या आत पसरट भांड्यात गार करून फ्रीजमध्ये ठेवावा.

आणि शिळं म्हणजे खराब नव्हे. नीट ठेवलेल्या शिळ्या पोळीचा कुस्करा होतो. पत्रकात 'शिळे अन्न टाळा' असं असेल तर तेही तपासा.

उंबरठा
आहे. 'शिळे अन्न टाळावे' असंच लिहिलंय. बदलते.

रोवळी
पिठाचा शब्द राहिला. ज्वारीच्या पिठाची विरी जाते. पीठ दिसायला चांगलं, वासाला चांगलं, पण जुनं झाल्याने चिकटपणा गेलेला असतो. भाकरी थापताना कडेला चिरा पडतात, तव्यावर टाकताना ती तुटते. फेकायची गरज नाही. उकळतं पाणी घालून पीठ दहा मिनिटं झाकून ठेवावं आणि कोमट असतानाच मळावं. गरम पाण्याने स्टार्च फुलतो आणि तो पीठ धरून ठेवतो. बाजरीचं तसं नाही, तिचं पीठ कडू होतं. कोंबात तेल जास्त, दळल्यावर ते हवेला लागतं. उन्हाळ्यात आठवड्यापेक्षा जास्तीचं दळण आणू नये. सध्या गिरणीत फेऱ्या नकोत म्हणून लोक महिन्याचं दळून ठेवतात, तिथेच घात होतो. बाजरी अख्खीच द्या, ती टिकते.

मोरपंखी
'विरी' हा शब्द पुण्या-मुंबईच्या किती घरांत कळेल?

रोवळी
म्हणूनच छापायला हवा. नाही छापला तर पुढच्या पिढीला कसा कळणार?

कणगी
पत्रक हे शब्द वाचवायचं ठिकाण नाही. ज्याला ताप आहे, घराबाहेर पडता येत नाही, त्याला पहिल्या वाचनात कळलं पाहिजे.

पाटावरवंटा
दोन्ही साधता येतं. 'पिठाची विरी गेली (भाकरी तुटते) तर उकळतं पाणी घालून झाका, कोमट असताना मळा.' कंसात लक्षण, पुढे कृती. शब्द माहीत नसलेला लक्षणावरून ओळखेल.

अडकित्ता
कोणी 'सडले' सुचवण्याआधी सांगतो, तांदळाच्या ओळीत तो शब्द अजिबात नको. तांदूळ सडणे म्हणजे कांडून वरचा कोंडा काढणे. हातसडीचा तांदूळ म्हणतो तो हाच. 'सडलेले तांदूळ वापरू नयेत' असं छापलं तर कोकणातला म्हातारा माणूस विचारेल की मग काय, असडी खाऊ?

रोवळी
आणि हातसडीच्या तांदळावर थोडा कोंडा राहतो. कोंड्यात तेल असतं, म्हणून तो पांढऱ्या तांदळाआधी खवट होतो. पोरकिडे मात्र दोन्हींना लागतात. चाळून मोठे किडे जातात, पण सोंडकिड्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते, ते चाळणीत कसं जाईल? तांदूळ उन्हात टाकू नये, तडकून कणी होते. सावलीत पसरला की किडे निघून जातात. गहू आणि कडधान्यं मात्र मे महिन्याच्या कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवावीत, दाणा दाताखाली कटकन तुटेपर्यंत. डाळीला किलोमागे छोटा चमचा, म्हणजे साधारण 5 मिली एरंडेल चोळावं. बोरिक पावडर लावू नये.

कणगी
रव्याला जाळी होते, तीही लिहा. जाळी झालेला रवा चाळून वापरतात, ते योग्य नाही, आत अळीची विष्ठा असते. चांगला रवा आणल्या आणल्या कोरडा भाजून ठेवला, किंवा चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवला, तर अंडी मरतात.

मोरपंखी
कांद्याचं काय केलंत? 'काळी बुरशी असलेले कांदे टाकून द्या' असं लिहू नका, ही कळकळीची विनंती. करोनातून उठलेल्यांना होणाऱ्या म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजाराला सगळीकडे 'काळी बुरशी' म्हणतायत आणि कांद्यावरच्या काळ्या भुकटीनेच तो आजार होतो अशी अफवा फिरतेय. लोक पोतीच्या पोती फेकतायत. कांद्यावर येते ती काजळी. ती वेगळी बुरशी आहे, दमट हवेत वरच्या सालीखाली धरते. वरची एक-दोन सालं काढून कांदा धुवावा. आत मऊ किंवा पाणावलेला निघाला तरच टाकावा.

पाटावरवंटा
हे फार महत्त्वाचं. इथे जुना शब्द वापरला तर भीतीच कमी होते. 'काजळी' वाचून कुणाला इस्पितळ आठवणार नाही.

अडकित्ता
आजारालाच 'काळी बुरशी' म्हणायला नको होतं. त्या बुरशीचा रंगही काळा नाही. ऊतक मरून काळं पडतं, त्यावरून हे नाव आलं.

उंबरठा
सगळ्यांचे आभार. पण पानावर जागा एकाच वाक्याची आहे. एक शब्द मिळेल का?

कणगी
खराब.

अडकित्ता
बिघडले.

रोवळी
एकही नाही. जागा वाढवा. बटाट्याचीही ओळ हवी: कोंब आलेला चालतो, कोंब खोलवर कोरून काढावा, हिरवट झालेला भाग जाड कापून टाकावा, सगळाच हिरवा असेल तर बटाटाच टाकावा. उजेडात ठेवला की हिरवा होतो, म्हणून पोत्यात किंवा टोपलीत झाकून ठेवावा.

मोरपंखी
'सादळणे' कुठून आला असेल? मला 'सर्द'वरून वाटतो. सर्द, सर्दळ, सादळ.

अडकित्ता
'सर्द' फारसी, त्याचा अर्थ थंड. पापड थंडीने मऊ पडत नाही. संस्कृतात 'सार्द्र' आहे, ओलसर. अर्थ तंतोतंत जुळतो.

मोरपंखी
मराठीत 'सर्द हवा' म्हणजे नुसती थंड नाही, दमटही. भिंत सर्द होते म्हणतो तेव्हा ती ओलीच असते. अर्थ इकडेही जुळतो.

अडकित्ता
भिंतीला ओल येते. 'सर्द भिंत' कुठे म्हणतात?

रोवळी
कोकणात म्हणतात. जूनमध्ये मातीच्या भिंतीला हात लावला की हाच शब्द तोंडात येतो. आणि त्याच घरात पापडाचा डबा चुलीवरच्या फळीवर असतो, सादळू नये म्हणून.