शंकूछेदाला वृत्तचिती मानू नये

बादलीचे घनफळ काढताना तोंडाची व तळाची अशा दोन्ही त्रिज्यांची सरासरी घेऊन वृत्तचितीचे, म्हणजे सरळ नळकांड्याचे, सूत्र लावावे, असे काही वेळा सुचवले जाते. परंतु त्याने उत्तर नेहमी कमीच येते. बादली हा शंकूछेद, म्हणजे टोक कापलेला शंकू, आहे, म्हणून दोन्ही त्रिज्यांचे वर्ग आणि त्या त्रिज्यांचा परस्पर गुणाकार यांच्या बेरजेला उंचीने व पायने गुणून ३ ने भागावे लागते. आमच्या निपाणी भागात गुळाची ढेप बादलीच्या आकाराची असते. तिच्या त्रिज्या १५ व १० आणि उंची ३० सेंमी धरल्यास सरासरीने सुमारे १४,७२६ घनसेंमी येतात, शंकूछेदाच्या सूत्राने १४,९२३. फरक त्रिज्यांतील अंतराच्या वर्गानुसार वाढतो, त्यामुळे तोंडाशी पसरत गेलेल्या पातेल्यात तो अधिकच जाणवेल. उंची मात्र उभीच मोजावी. तिरक्या कडेवर टेप लावण्याची मुलांची सवय शिक्षकांनी आवर्जून मोडावी, कारण याच ढेपेची तिरकी उंची ३०.४ सेंमी भरते.