गच्चीवरची तुळस (सोसायटी ग्रुप, पाषाण)

बी-७०३: गच्चीवर काल कोणी काही फवारलंय का? माझ्या तुळशीची पानं एका रात्रीत काळी पडलीत. 😢

ए-१०२ काका: फवारलं कुणी नाही, थंडीने केलंय. आज पेपरात पाषाणचा पारा ९ दिलाय.

सी-४०१: ९ ला काय होतंय काका! आमच्या निफाडला ५-६ वर उतरतो. द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात.

ए-१०२ काका: पुण्यात १९३५ च्या जानेवारीत १.७ झालं होतं, ते सोडा. तुळस उष्ण हवेतली. बर्फच पडायला हवा असं नाही, १० च्या खाली दोन-चार रात्री गेल्या तरी पानं जातात.

बी-७०३: पण मी परवापासून झाकून ठेवतेय! नव्या गादीचं प्लास्टिक होतं ते.

ए-१०२ काका: तिथेच घोळ झाला. प्लास्टिक पानाला टेकलं की आत पाणी धरतं, पहाटे तेच गार पाणी पानाला चिकटून बसतं. जुनी सुती चादर घे. कुंडीत तीन-चार काठ्या खोच, त्यावर टाक, पानाला टेकता कामा नये. सकाळी ऊन आलं की काढायची.

ए-३०५: माझी तुळस तर बाल्कनीत न झाकता ठणठणीत आहे. थंडी सगळ्यांना सारखीच ना?

ए-१०२ काका: तुमच्या डोक्यावर वरच्यांची बाल्कनी आहे. आभाळ निरभ्र असलं की उघड्यावरचं पान रात्रभर आपली ऊब वर सोडत राहतं आणि हवेपेक्षाही गार होतं. पार्किंगमध्ये बघा, उघड्यावरच्या गाडीचा टप दवाने भिजलेला असतो, झाडाखालची कोरडी.

ए-३०५: हे खरंय. रोज काच पुसतो 😄

सी-२०४ काकू: पाणी कधी घालतेस गं?

बी-७०३: संध्याकाळी, ऑफिसातून आल्यावर.

सी-२०४ काकू: अगं नको. सकाळी नऊनंतर घाल, कुंडीवर ऊन आल्यावर. आणि रोजही नको. मातीत बोट पेरभर खुपसून बघ, ओल लागली तर त्या दिवशी सुट्टी. माझं अडेनियम गेल्या हिवाळ्यात असंच गेलं. दाबून पाहिलं तर खोड उकडलेल्या बटाट्यासारखं.

सी-४०१: पण गावाकडे थंडीत पहाटे मुद्दाम ड्रिप सोडतात की!

ए-१०२ काका: विहिरीचं पाणी पहाटे कोमट असतं रे. आपल्या टाकीतल्या पाण्यात हात घालून बघ एकदा. शिवाय जमीन आणि कुंडी एक नव्हे, कुंडी चहूबाजूंनी गार होते.

सी-४०१: 🙏

बी-७०३: मग कुंड्या जिन्यात आणून ठेवू का?

सेक्रेटरी: जिन्यात कुंड्या ठेवू नयेत. आग लागली तर बाहेर पडायला तोच रस्ता आहे. आधीच एक सायकल आहे, मालकाने कृपया लक्ष द्यावे.

सी-२०४ काकू: लिफ्टच्या खोलीच्या पश्चिमेच्या भिंतीला लाव सगळ्या, एकमेकींना खेटून. दुपारभर तापते ती भिंत, मी तिथेच वाळवणं घालते. पण शेवंती, पिटुनिया, गुलाब झाकत बसू नकोस, त्यांचा हा सीझनच आहे.

ए-३०५: कढीपत्ता पिवळा पडलाय, युरिया टाकू?

सी-२०४ काकू: अजिबात नको! झोपलाय तो. फेब्रुवारीपर्यंत झोपू दे.

बी-७०३: चादर मी रात्री जेवण झाल्यावर टाकून येईन.

सेक्रेटरी: गच्चीला साडेनऊला कुलूप लागते.

ए-१०२ काका: रात्री टाकून उपयोगही नाही. दिवे लागायच्या आत टाकायची, दिवसाची ऊब आत राहिली पाहिजे. तू ऑफिसात असशील तर मी टाकतो, संध्याकाळी वर फेऱ्या मारायला जातोच.

बी-७०३: थँक्यू काका! काळी पानं छाटून टाकू का?

ए-१०२ काका: आत्ता नको. थंडी सरेपर्यंत तेवढंच पांघरूण. खोड नखाने जरासं खरवड, आत काय दिसतं ते सांग.

बी-७०३: थांबा, वर जाऊन बघते.

बी-७०३: हिरवं आहे!!

सी-२०४ काकू: मंजिऱ्या खुडून टाक आता. आणि टाकू नकोस, मला आणून दे.