मदत हवी आहे: ६ फुटी रीफ टाकीचं हूड आणि दिवे एकटीला, एका हाताने हलवता येतील असे कसे करावेत?

नमस्कार मंडळी,

प्रश्न थोडा लांबलचक आहे, पण मापं आणि अडचण नीट सांगितल्याशिवाय कुणी नेमकं सुचवू शकणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

टाकी, म्हणजे खाऱ्या पाण्यातली प्रवाळं ठेवलेली काचेची टाकी, ७२ इंच लांब, ३० इंच रुंद आणि ३० इंच उंच आहे. काठोकाठ भरली तर हजार लिटरच्या थोडं वर पाणी मावतं. चालू करून चार वर्षं झाली. प्रवाळांपैकी वरच्या खडकांवर ॲक्रोपोरा आणि मॉन्टिपोरा, मधल्या पट्ट्यात टॉर्च कोरल आणि हॅमर कोरल, खाली वाळूवर ब्रेन कोरल, आणि मासे. क्षारता, कॅल्शियम, तापमान सगळं ठीक चाललंय. अडचण पाण्यातल्या जिवांची नाही, त्यांच्या डोक्यावर ठेवलेल्या पेटीची आहे.

ही पेटी म्हणजे १८ मिमी मरीन प्लायचं हूड, १४ इंच उंच. समोरची फळी पक्की, वरचं झाकण मागच्या पियानो बिजागरीवर उघडतं, आणि तिन्ही एलईडी पॅनेल त्याच झाकणाला आतून बसवलेली. करून घेताना मला हे सोयीचं वाटलं होतं, कारण झाकण उघडलं की दिवे आपोआप बाजूला होतात. आता नीट हिशोब मांडला तर झाकणाचा नुसता प्लायच १६ किलोच्या पुढे भरतो, त्यात पॅनेलचे ६ किलो. म्हणजे २२ किलोचं झाकण मला डोक्याच्या वर उचलायचं असतं.

माझी उंची ५ फूट. गेल्या वर्षी उजवा खांदा आखडला. व्यायामाने बराच मोकळा झाला, पण खांद्याच्या वर वजन पेलणं आता जमत नाही, आणि डॉक्टरांनी ते करूही नका असं स्पष्ट सांगितलंय. नवरा कामानिमित्त महिन्यातले बरेच दिवस बाहेर असतो. तो नसेल तेव्हा टाकीत हात घालणं म्हणजे शेजारी कुणी मोकळं आहे का ते बघणं आलं.

एवढं मनावर घेण्याचं कारण सांगते. दोन महिन्यांपूर्वी एका सकाळी ॲक्रोपोराचा एक तुकडा खडकावरून सुटून थेट टॉर्चच्या अंगावर पडलेला दिसला. टॉर्चचे दंश करणारे तंतू त्याला लपेटून बसले होते. लांब चिमटा हातात होता, पण झाकण उचलता येईना. दुसऱ्या दिवशी रात्री नवरा आला तेव्हा कुठे तुकडा निघाला. अर्ध्याहून जास्त भाग पांढरा पडला होता, टॉर्चचंही एक तोंड गेलं. हे काम दोन मिनिटांचं होतं. काचेच्या अलीकडे उभं राहून दीड दिवस ते बघत बसणं मला पुन्हा नको आहे.

त्यानंतर टेप घेऊन बसले. जमिनीपासून टाकीचा काठ ६० इंचांवर, हूडची समोरची फळी ७४ इंचांपर्यंत. १४ इंची पायरीवर उभी राहिले की माझा खांदा ६२ इंचांवर येतो. म्हणजे फळी नसती तर खांदा काठाच्या वर असता आणि हात सरळ आत गेला असता. फळीमुळे मात्र हात आधी फूटभर वर न्यायचा, मग आत वळवायचा, आणि शेवटी पाण्यात जेमतेम मनगट बुडतं. समोरच्या काठापासून मागच्या तळाच्या कोपऱ्यापर्यंत तिरकं अंतर ४२ इंच आहे, माझा हात २६ इंचांचा. तिथे चिमटा लागणारच, ते मान्य आहे. पण समोरच्या अर्ध्या भागात हात पोचलाच पाहिजे.

दुसरी गोष्ट दिव्यांची. झाकणाला लावलेले दिवे झाकणाबरोबर वर जातात आणि सगळा निळा झोत माझ्या डोळ्यांत येतो, खाली टाकीत अंधार. फ्रॅग, म्हणजे प्रवाळाचा छोटा तुकडा, चिकटवायचा तर तेव्हाच उजेड हवा असतो. म्हणजे झाकण आणि दिवे यांची फारकत करायलाच हवी, एवढं माझं मी ठरवलंय.

पण फारकत केली की दिवा रोज त्याच जागी परत येईल याची खात्री हवी. हे मी अनुभवाने सांगते. मागे एकदा दिवे साखळीने टांगून पाहिले होते. साफसफाईनंतर परत अडकवताना कड्या मोजायच्या राहिल्या आणि दिवे ४ इंच खाली आले. आठवड्याभरात वरच्या ॲक्रोपोराची टोकं विरली. प्रवाळाच्या पेशींत राहणारी झूझँथेली ही सूक्ष्म शैवाल अचानक वाढलेल्या प्रकाशात घातक ऑक्सिजन संयुगं तयार करू लागते आणि प्रवाळ तिला बाहेर टाकतो, हे तेव्हा वाचून कळलं. सध्या मोजलेला पीएआर (प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणाऱ्या उजेडाचं माप) वरच्या खडकावर ३००, मधे १५० ते १८०, वाळूवर ८० ते १०० आहे. हे आकडे मला जसेच्या तसे टिकवायचे आहेत.

मनात तीन रस्ते आहेत. झाकण हलकं करून त्याला गॅस स्प्रिंग लावायचे, हा सगळ्यात कमी तोडफोडीचा. अख्खं हूड कप्पी आणि प्रतिभार लावून छताकडे उचलायचं, हा दुसरा. तिसरा म्हणजे बंद पेटी काढूनच टाकायची: टाकीमागे ॲल्युमिनियमच्या खाचेच्या प्रोफाइलची चौकट, तिच्यावर दिवे पुढेमागे सरकणारे, टाकीच्या तोंडावर जाळीची झाकणं, आणि समोर नजरेआड करण्यापुरती एक पडदी. माझा कल तिसऱ्याकडे आहे, पण दोन शंका आहेत. दिवे उघडे राहिले तर बसल्या जागेवरून डोळ्यांवर येतील का? आणि सरकत्या भागांना मिठाने किती दिवसांत गंज धरेल?

मिठाचं म्हणाल तर सध्याच्या हूडची बिजागरी पितळी निघाली. वाफेने हिरवी पडली होती, आणि ती हिरवी पूड पाण्याच्या अगदी वर. तांब्याचा अंश प्रवाळ, कोळंबी, गोगलगायी सगळ्यांना घातक. दिसलं त्याच दिवशी काढून ३१६ स्टेनलेसची बसवली. सुताराला हे ठाऊक असायचं कारण नाही, सांगायचं काम माझं होतं. नवीन काही करणार असाल तर हूडमध्ये पितळ येऊ देऊ नका.

ज्यांनी मोठ्या टाकीवर असं काही केलंय त्यांनी कृपया काय टिकलं आणि काय बदलावं लागलं ते सांगावं. पाठीच्या, गुडघ्याच्या किंवा खांद्याच्या दुखण्यामुळे कुणी मांडणी बदलली असेल तर ते विशेष उपयोगी पडेल.

प्रतिसाद १

ताई, गॅस स्प्रिंगचा विचार सोडून द्या. मी पाच वर्षं वापरले. तुमचंच उदाहरण घेऊ. दिवे काढून झाकण १२ किलोवर आणलंत तरी ३० इंच खोलीच्या झाकणाचा भार बिजागरीपासून साधारण ३८ सेंमीवर येतो, म्हणजे ४५ न्यूटन-मीटरचा पीळ. स्प्रिंगचा जोर बिजागरीपासून १५ सेंमीवर लागत असेल तर दोन्ही मिळून ३०० न्यूटन हवेत. असे स्प्रिंग मिळतात, पण त्यांचा दांडा सहसा साध्या पोलादाचा असतो आणि त्यातला वायू हळूहळू कमी होतो. माझ्याकडे एका बाजूचा आधी बसला, झाकण तिरकं झालं आणि मी हात आत घातलेला असताना खाली आलं. मानेवर निभावलं. ज्याला कुणाला लावायचेच असतील त्याने सोबत आडवी खुंटी ठेवावी, जी हाताने काढल्याशिवाय झाकण पडूच शकणार नाही.

कप्पीचा रस्ता चांगला आहे, पण प्रतिभाराऐवजी वर्म गिअरची हाताने फिरवायची विंच घ्या. ती आपली आपण उलटी फिरत नाही, त्यामुळे हात सुटला तरी वजन तिथेच थांबतं. चारही दोऱ्या एकाच आडव्या दांड्यावर गुंडाळल्या तरच हूड सरळ उचललं जातं. आणि खिळवायचं ते काँक्रीटच्या स्लॅबमध्ये, फॉल्स सीलिंगच्या पट्ट्यांत नव्हे.

प्रतिसाद २

तिसऱ्या पर्यायाला माझं मत. बंद हूडची खरी अडचण वजनापेक्षा वाफेची असते, याचा विचार कमी होतो. एक लिटर पाणी दिवसभरात उडतं तेव्हा ते साधारण २८ वॅटची उष्णता सोबत घेऊन जातं. एवढ्या टाकीतून रोज काही लिटर उडणं साहजिक आहे, आणि तो थंडावा फुकटचा आहे. पेटी बंद ठेवली की हवा दमट होते, बाष्पीभवन मंदावतं, पाणी तापतं आणि ती सगळी ओल दिव्यांच्या पंख्यांत शिरते. हूड ठेवणारच असाल तर पंखा बाहेरची कोरडी हवा आत ढकलणारा लावा. आतली खारी हवा ओढणारा पंखा लवकर गंजतो.

सरकत्या दिव्यांसाठी पोलादी बेअरिंगच्या पट्ट्या घेऊ नका. ॲनोडाइज केलेल्या प्रोफाइलच्या खाचेत धावणारी ॲसिटल प्लॅस्टिकची चाकं घ्या. गंजायला त्यात काही नसतं. आठवड्याला ओल्या फडक्याने खाच पुसली की झालं. मीठ साठलं की चाक अडतं, आणि मग माणूस जोर लावतो. तुमच्या खांद्याला तेच नको आहे.

आता विजेचं. ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारे डबे, चौकटीवर नको, भिंतीवर बाजूला. हलणाऱ्या वायरी साखळीच्या पन्हळीतून न्या, नाहीतर रोजच्या वाकण्याने आतून तुटतात. प्रत्येक वायरीला प्लगच्या खाली येणारा झोळ ठेवा म्हणजे ओघळ सॉकेटपर्यंत पोचत नाही. आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर बाकी सगळं थांबवून आधी ती बसवा. एकटं काम करणाऱ्या माणसासाठी ती हूडच्याही आधी.

प्रतिसाद ३

उजेड डोळ्यांवर येण्याबद्दल: दिवा पाण्यापासून १० इंचांवर असेल तर पडदी दिव्याच्या खालच्या कडेपेक्षा दोन इंच खाली उतरवा. उभ्याने टोचणार नाही, बसल्यावर मात्र टोचेल. त्यामुळे समोर खुर्ची मांडून, डोळ्यांच्या उंचीवरून दोरी धरून रेघ तपासा आणि मगच पडदी कापा. मी तपासलं नव्हतं, दोनदा कापावी लागली.

दिवा जागेवर परत येण्यासाठी खुणा पुरत नाहीत, अटकाव लागतो. रुळाच्या शेवटी पक्का ठोकळा आणि एक खिट्टी, दिवा ठोकळ्याला टेकला की खिट्टी आपोआप पडली पाहिजे. उंची एकदाच ठरवा आणि नट कायमचे आवळा. तुम्हाला दिवे मागे सरकवायचे आहेत, वर उचलायचे नाहीत, त्यामुळे उंची बदलायची सोय मुळात ठेवूच नका. नवीन चौकटीवर आल्यावर पीएआर पुन्हा मोजा. पूर्वी हूडच्या पांढऱ्या आतल्या बाजूंवरून परतणारा उजेड आता मिळणार नाही, कडेचे आकडे उतरतील. ते भरून काढायला दिव्यांची तीव्रता वाढवायची झाली तर दोन-तीन आठवड्यांत थोडी थोडी वाढवा. पुढच्या कडेला एक एलईडी पट्टी जास्तीची लावली तर सावल्याही मऊ होतात.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. स्प्रिंग बाद. मान वाचली हे वाचून हायसं वाटलं, पण तो प्रसंग माझ्यावर एकटी असताना आला असता तर काय, हा विचार डोक्यातून गेला नाही.

आरसीसीबी आहे, काल बटण दाबून तपासली, लगेच पडली. ड्रायव्हर मात्र सध्या हूडच्या आत आहेत, ते या आठवड्यात बाहेर काढते.

तुमच्या सूचनांवरून मांडणी अशी बदलली. चौकट टाकीवर नाही, मागे स्टँडला जोडून उभी, म्हणजे काचेवर भार शून्य. तिन्ही पॅनेल एकाच आडव्या दांड्यावर न ठेवता तीन वेगळ्या गाड्यांवर. डाव्या बाजूला काम असेल तर फक्त डावा दिवा मागे ढकलायचा, बाकी दोन जागेवर आणि चालू, म्हणजे कामालाही उजेड मिळतो. पडदी दोन-दोन फुटांचे तीन तुकडे, ३ मिमी पीव्हीसीचे, खाचेत वरून टाकलेले. एक तुकडा अर्धा किलोच्याही आत भरतो, डाव्या हाताने निघेल. जाळीची झाकणंही तीन, ६ मिमी जाळी. माझ्याकडे रॅस आणि फायरफिश आहेत, दोघंही उडी मारणारे, त्यामुळे जाळी रात्रीसुद्धा काढून ठेवायची नाही. पायरी बदलून रुंद चौथरा करतेय, दोन्ही पाय शेजारी ठेवून उभं राहता येईल असा.

काल प्रोफाइलचा एक तुकडा आणि पुठ्ठ्याचा दिवा करून बघितला. समोर काहीच नसताना पायरीवर उभी राहिले आणि डावा हात कोपराच्या बराच वर पाण्यात गेला, टॉर्चच्या खडकापर्यंत. चार वर्षांत एकटीने तिथे पहिल्यांदाच पोचले.

एक प्रश्न उरलाय. मागे ढकललेला दिवा टाकीच्या मागच्या काठाच्या पलीकडे ८ इंच जातो, आणि तिथे भिंत ५ इंचांवर आहे. टाकी पुढे ओढणं आता शक्य नाही. गाडी शेवटच्या टप्प्यात मागच्या कडेवर बिजागरीने उभी वळेल असं काही करता येईल का? दिवा उभा झाला तर त्याचं तोंड माझ्याकडे येणार, म्हणून वळताना तो आपोआप बंद व्हावा असाही स्विच हवा. पाण्याच्या इतक्या जवळ चुंबकाने चालणारा रीड स्विच चालेल का, की कमी व्होल्टेजच्या बाजूने साधा लिमिट स्विच बरा? कुणी केलं असेल तर जोडणीचा फोटो टाकावा.